मैद्याच्या पोत्याची पाठ

वैदेही खटावकरची एक खोड अमेरिकेतल्या साऱ्या शॉमबर्ग गावाला माहीत होती. गिऱ्हाइकाच्या कापडातली बोटभर चिंधीसुद्धा ती स्वतःकडे ठेवत नसे. ब्लाउज शिवून दिला की त्याच्याबरोबर एक छोटी पिशवी, पिशवीत उरलेले तुकडे आणि वर गाठ. बायका हसायच्या. "अहो काकू, ह्या चिंध्यांचं मी काय करू? कचऱ्यातच टाकणार ना!"

वैदेही म्हणायची, "टाक की. पण तू टाक. मी नाही टाकायची."

तिचे वडील बार्शीला शिंपी. शिंपी म्हटला की कापड मारणारच, असं लोक तोंडावर बोलायचे आणि वडिलांच्या ते जिव्हारी लागायचं. म्हणून त्यांनी दुकानात नियमच केला होता, चिंधी जाईल ती गिऱ्हाइकाबरोबर. सातवीनंतर त्यांनी वैदेहीची शाळा सोडवली आणि तिला मशीनवर बसवलं. पोरीला पुस्तकातलं गणित फारसं आलं नाही, पण माप म्हणून कधी चुकलं नाही. पुढे कुमाररावांशी लग्न झालं. ते यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला. त्यांच्या मागोमाग ती अमेरिकेत आली त्याला आता सदतीस वर्षं झाली. घराच्या बेसमेंटमध्ये तिनं मशीन मांडलं. आपल्या बायकांचे ब्लाउज, गोऱ्या पोरींचे शाळेच्या नाचाचे झगे, हापिसात जाणाऱ्यांच्या पँटी, सगळं तिच्या हाताखालून गेलं. शिवलेलं पुन्हा उसवायची वेळ तिच्यावर फारशी आली नाही.

आणि एवढ्या वर्षांत एकदाच, फक्त एकदाच, तिनं गिऱ्हाइकाची चिंधी परत दिली नाही. त्याचीच ही हकिगत.

तीन गल्ल्या पलीकडे एक जर्मन म्हातारी राहायची. लोटेबाई. वय शहाऐंशी, हातात चाकांचा वॉकर, डोळ्यांना अंधूक दिसायचं पण जीभ कात्रीसारखी. एकोणीस वर्षांपूर्वी ती कोटाचं अस्तर बदलायला आली आणि मग येतच राहिली. तिची आईसुद्धा शिंपीण होती. "शिंपिणींच्या लेकींना दुसऱ्या कुणाचं शिवण पसंत पडत नाही," असं ती म्हणायची आणि वैदेहीच्या शिवणीवरून बोट फिरवून मान हलवायची. ती मान हलली की वैदेहीचा दिवस चांगला जायचा.

मार्च महिन्यात लोटेबाईची नात हाना एक मोठं खोकं घेऊन आली. खोक्यात लग्नाचा पांढरा झगा होता. पांढरा कसला, जुन्या दातासारखा पिवळट.

"आजीच्या आईनं शिवलेला आहे," हाना म्हणाली. "लढाई संपल्यावर जर्मनीत एक प्रेमाचा विनोदी सिनेमा काढला होता, त्यातल्या नवरीचा. तो सिनेमा आता तिकडे सापडलाय. मे महिन्यात आमच्या जर्मन क्लबात दाखवणार आहेत आणि आजीची इच्छा आहे की मी हा घालून स्टेजवर जावं. पण मला खांद्यात होत नाही आणि पाठीचं कापड तर अगदीच गेलंय. तुम्हाला काय करायचं ते करा. फक्त स्टेजवर फाटायला नको."

वैदेहीनं झगा डमीवर चढवला आणि बघतच राहिली. पुढून सुरेख रेशीम, बारीक चुण्या, छातीवर पाकळ्या. मागे वळवला तर हे काय? पाठीला जाडंभरडं सुती कापड. आतून निळसर डागही दिसत होते. नंतर कधीतरी झगा फाटला असणार आणि कुण्या अडाण्यानं पाठीला पोतेरं जोडलं असणार, असं तिला वाटलं. तिला त्या झग्याची कीवच आली. नवरीचा झगा, आणि पाठीला ठिगळ!

तिनं पाठ उसवली. नवं सॅटिन आणलं, पण ते पडलं दुधासारखं पांढरंफेक. मग चहाचं पाणी उकळून, गाळून, त्यात ते तीनदा बुडवून वाळवलं, तेव्हा कुठे पुढच्या रेशमाशी रंग जुळला. कुमारराव चहा मागत होते आणि ही पातेलंभर चहात कापड बुडवत होती. नवी पाठ बसवली, खांदे सैल केले. असा जोड झाला की दिव्याखाली धरला तरी कळू नये.

आता राहिलं ते उसवलेलं कापड. पिशवीत घालून परत द्यायचं म्हटलं तर वैदेहीला लाज वाटली. असलं पोतेरं लोटेबाईच्या हातात द्यायचं म्हणजे तिच्या घरची गरिबी तिला दाखवल्यासारखं. टाकवेना पण. कारण हाताला ते इतकं मऊ लागत होतं! पाऊणशे वर्षं जुनं सूत, अगदी लोण्यासारखं.

नेमकी त्याच दिवसांत तिची नात जन्मली होती. मुलाची, शंतनूची मुलगी, आन्या, तिकडे लांब चँडलर गावी. आजीनं गोधडी शिवायला घेतली होती. तान्ह्या बाळाला नवं कापड लावायचं नाही, अंगावर फिरून फिरून जुनं झालेलंच त्याच्याखाली घालायचं, हे बार्शीत कुणाला शिकवावं लागत नाही. पण अमेरिकेत जुनेर आणायचं कुठून? इथे दोन वर्षांत कपडे दान करून टाकतात. वरखाली लावायला तिच्या आईची दोन जुनेरं होती, आत कुमाररावांची एक लुंगी होती, अजून एक थर हवा होता. तो थर असा चालून आला. वैदेहीनं गळ्याचा आणि बाहीजवळच्या मुंढ्याचा वाकडा भाग कापून कापड चौकोनी केलं, आत पसरलं आणि कडेपासून मधोमध धावदोरा घालत गेली. बोट बोट अंतरावर ओळी. एप्रिलच्या शेवटी गोधडी चँडलरला पोचली. सून इशितानं फोटो पाठवला. बाळ त्यावर मुठी वळून झोपलेलं. आजीचं पोट भरलं.

सिनेमा रविवारी दुपारी होता. त्याआधीच्या बुधवारी सकाळी हानानं लोटेबाईला वैदेहीकडे सोडलं आणि ती भाजी आणायला गेली. बेसमेंटचा मागचा दरवाजा सपाटीला होता, म्हणून वॉकर आत येई. झगा डमीवर होता, तोंड खोलीकडे, पाठ भिंतीकडे.

लोटेबाई खुर्चीत टेकली. वैदेहीनं चहा दिला. म्हातारी आज लहान मुलीसारखी खुशीत होती.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "हानालासुद्धा माहीत नाही. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण तू शिंपिणीची जात, तुला आधी."

"सांगा ना."

"मी दहा वर्षांची होते. हॅम्बुर्ग सगळं पडलेलं. एका गोदामात शूटिंग चालायचं, छताला भोकं, पाऊस आला की बंद. आई शिवायची आणि मी टेबलाखाली बसून पडलेल्या टाचण्या वेचायचे. हिरॉइनला लग्नाचा झगा पाहिजे आणि साऱ्या शहरात रेशीम नाही. शेवटी आईनं बटाटे देऊन एका माणसाकडून फाटकी रेशमी पॅराशूट मिळवली. ती पुरली फक्त पुढच्या बाजूला."

वैदेहीनं कप खाली ठेवला.

"मग पाठीला काय लावायचं? तुमच्या ह्या अमेरिकेतून मदत म्हणून मैदा यायचा. त्याची पोती! आईनं पोतं धुतलं, उकळलं, उन्हात घातलं. छापलेली अक्षरं काही केल्या जाईनात, म्हणून ती बाजू आत घेतली. आणि डायरेक्टरला सांगितलं, बाबा रे, हिला पुढूनच बघायचं. पाठ दिसली तर मेलो!" लोटेबाई हसायला लागली. "त्या पोरीनं सबंध सिनेमा पाठ न दाखवता केला. भिंतीला टेकून बसायची, नाचताना गोल फिरायची नाही. एकदा चुकून वळली आणि दिव्यांच्या झोतात पोत्याची अक्षरं झळकली. फिल्म तेव्हा सोन्यासारखी जपून वापरायची, तेवढी वाया गेली. डायरेक्टर ओरडला, आई रडली. मग तो एकाएकी गप्प झाला आणि म्हणाला, चर्चमधून नवरी उलट्या पावलांनी बाहेर पडेल! लग्न लागतंय कोळशाच्या व्यापाऱ्याशी, आणि मन पोस्टमनवर, तो आत कोपऱ्यात उभा. त्याच्यावरची नजर निघत नाही म्हणून ती मागे मागे चालते आणि पाहुणे एकमेकांवर आदळतात. सगळा देश हसला त्या सीनवर! आणि कारण काय, तर मैद्याचं पोतं."

"मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही?" वैदेहीचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"आईनं शपथ घातली होती. ती हिरॉइन जिवंत असेतो बोलायचं नाही, बाईची अब्रू आहे. गेली ती दोन वर्षांपूर्वी. आता रविवारी सिनेमा संपला की हाना स्टेजवर पुढून चालत येईल आणि मग मी म्हणेन, वळ! आणि सगळ्यांना पाठ दिसेल." लोटेबाईनं कप ठेवला, वॉकर धरला. "कुठंय? जरा हात लावून बघू दे. त्या पोत्याला हात लावला की मला आई आठवते."

वैदेही ताडकन उठली. डमी आणि म्हातारी यांच्यामध्ये ती भिंतीसारखी जाऊन उभी ठाकली.

"नको, नको! टाचण्या आहेत! सगळीकडे टाचण्या लावल्यात, बोटात जाईल."

"टाचण्या? मी टाचण्यांत वाढले गं."

"गंजक्या आहेत," वैदेही म्हणाली. जन्मात तिच्या बेसमेंटमध्ये गंजकी टाचणी नव्हती.

लोटेबाईनं मान कलती करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. रविवारी." तेवढ्यात हानाची गाडी आली.

म्हातारी गेल्यावर वैदेही पायरीवर बसली. आपणही तो झगा भिंतीकडे पाठ करून उभा केला, त्या हिरॉइनसारखा, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला हसूही येईना. मग फोन उचलला. चँडलरला सकाळचे साडेनऊ वाजले होते. इशिता बाळंतपणाच्या रजेवर घरीच होती.

"इशिता, गोधडी कुठाय गं?"

"आन्याच्या खाली. का?"

"धुतलीस?"

"आई, ती दिवसातून चार वेळा दूध ओकते. धुतली म्हणजे काय, रोज धुते."

"गरम पाण्यात?"

"एकदम हॉट. का, काय झालं?"

वैदेहीनं सांगितलं. सांगताना शब्द पुढेमागे झाले, पोतं आधी आलं आणि पॅराशूट नंतर. मग इशिता फिसकन हसली.

"म्हणजे आन्या एका फिल्म स्टारच्या पाठीवर झोपतेय?"

वैदेहीनं नाक ओढलं.

"आई? तुम्ही रडताय का?"

"छे. कांदा चिरतेय."

"एका हातात फोन धरून?" इशिताचा आवाज बदलला. "आई, ऐका. आत्ता पॅक करते, सर्वांत फास्ट डिलिव्हरीनं पाठवते. उद्या नाहीतर परवा मिळेल. मी उसवू का इथेच? तुम्ही व्हिडिओवर सांगा."

"नको! तू हात लावू नकोस," वैदेही घाईनं म्हणाली. ही सून कारखान्यात केसाहून बारीक रेघांची कॉम्प्युटर चिप करायची, पण शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट शॉमबर्गला पाठवायची. "सगळी तशीच पाठव. आणि पोरीला शंतनूचा जुना शर्ट घाल खाली."

"ती त्या गोधडीशिवाय झोपत नाही हो," इशिता म्हणाली. "पण असू दे. बघते."

गुरुवारी हाना झगा घालून बघायला येणार होती. वैदेहीनं तिला कळवलं, मशीन बिघडलंय, उद्या ये. शुक्रवारी पुन्हा कळवलं, अजून दुरुस्त झालं नाही. कुमारराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "अगं, पस्तीस वर्षं ते मशीन तुला एक दिवस सुट्टी न घेता राबलंय. त्याला कशाला बदनाम करतेस?"

"मग काय सांगू? तुम्ही सांगा."

"काही सांगू नकोस. पोतं आलं की परत जोड. म्हातारीला दिसतंय कुठे?"

पण पोतं येईना. शुक्रवारी सकाळी साडेदहाची वेळ दिली होती. साडेदहा झाले, बारा झाले. फोनवर बघितलं तर वादळामुळे विमान वाटेतल्या कुठल्यातरी गावी अडकलेलं. वैदेही दहा-दहा मिनिटांनी दारापर्यंत जाऊन यायची. जेवली नाही. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं. हॉल भरलेला, लोटेबाई कडक आवाजात म्हणतेय, "वळ!" हाना वळतेय, आणि पाठीला आपलं चहात बुडवलेलं गुळगुळीत सॅटिन. आणि लोटेबाईचं ते बोट, शिवणीवरून फिरणारं. त्या म्हातारीकडे आईची म्हणून आणखी काय होतं? एक फोटोही नव्हता. हा झगा होता.

कुमाररावांनी खिडकीपाशी खुर्ची टाकली. "तू बस खाली. मी पहारा देतो. गाडी आली की हाक मारीन." शुक्रवार तसाच मावळला.

शनिवारी एक वाजता हाक आली. "आली गं!"

खोकं फोडलं. गोधडीला बाळाचा वास येत होता, दुधाचा आणि पावडरीचा. एरवी तिनं ती छातीशी धरली असती. आज सरळ टेबलावर पसरली आणि उसवायची आकडी हातात घेतली. स्वतःच घातलेले टाके, स्वतःच इतके घट्ट घातलेले! दर टाक्याला मनात म्हणत होती, कशाला एवढं बारीक शिवलंस गं बये. कुमारराव चष्मा लावून समोर बसले आणि कापड ताणून धरू लागले. दोन तास गेले. आईचं जुनेर सुटलं, लुंगी सुटली आणि खाली ते निघालं.

वैदेहीनं ते उजेडाला धरलं. फिकट निळी अक्षरं होती अजून, जेमतेम. पण कापडभर ओळीच ओळी टाक्यांच्या भोकांच्या, नांगरून ठेवलेल्या रानासारख्या. दोन पिवळे डाग, ते आन्याचे. आणि कापलेले भाग? गळ्याचा तुकडा चिंध्यांच्या टोपलीत तळाला सापडला. मुंढ्यांचे दोन, त्यांतला एक मिळाला. दुसरा मिळेना. टोपली उपडी केली, कपाट उपसलं, मशीनखाली पडून बघितलं.

"काय शोधतेस?" कुमारराव चष्मा पुसत म्हणाले.

"असाच एक तुकडा आहे हो, तळहाताएवढा, ह्याच का..." ती बोलता बोलता थांबली. "अहो! तुमच्या हातात काय आहे?"

"हे? टोपलीत मिळालं महिन्यापूर्वी. फार मऊ आहे. काच काय मस्त पुसली जाते ह्यानं!"

वैदेहीनं तो तुकडा त्यांच्या हातातून असा ओढला, की चष्मा मांडीवर पडला.

मग ती शिवायला बसली. मशीनला हात लावला नाही. रेशमाच्या कडेला लोटेबाईच्या आईच्या सुईची भोकं अजून होती, त्याच भोकांतून तिनं सुई घातली. तेव्हा तिला कळलं की ती बाई कशी शिवायची. सहा टाके पुढे, मग एक मागे, एकही टाका लांडा नाही. उपाशीपोटी, गळक्या छताखाली बसून हे केलेलं. हानाचे खांदे रुंद, पोतं काही ताणलं जात नव्हतं. म्हणून वैदेहीनं चहात रंगवलेल्या सॅटिनच्या दोन पट्ट्या कापून दोन्ही कुशींना घातल्या. पाच वाजले.

"झालं!" कुमारराव म्हणाले. "आता नीट घडी घाल आणि गप्प बस. तोंड उघडू नकोस."

"तिच्या बोटाला कळेल."

"कळलं तर म्हणावं जुनं झालंय, विरलंय."

वैदेहीनं चपला घातल्या. "बापाच्या दुकानात आम्ही चिंधी परत द्यायचो," ती म्हणाली, "आणि मी इथे अख्खी पाठ मारली. गाडी काढा."

लोटेबाई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. हाना बाहेर गेली होती. वैदेहीनं झगा तिच्या मांडीवर ठेवला, पाठ वर करून. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ठिगळ समजले, लाज वाटली, विचारलं नाही. नातीच्या गोधडीत घातलं. गंजक्या टाचण्या नव्हत्या. मशीन बिघडलं नव्हतं.

लोटेबाईनं झगा जवळ ओढला. तिचं बोट शिवणीवरून फिरलं, खाली उतरलं आणि भोकांच्या ओळींवर जाऊन थांबलं. एक ओळ, दुसरी, तिसरी. घड्याळ वाजत होतं. कुमारराव दाराशी टोपी हातात धरून उभे होते, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखे.

"मी तुला विचारायचं होतंस," लोटेबाई शेवटी म्हणाली.

"तुम्हाला मी विचारायला हवं होतं," वैदेही म्हणाली.

"तेच म्हणतेय. रागानं बोलताना माझं इंग्रजी उलटसुलट होतं." म्हातारीचे ओठ घट्ट मिटलेले. "माझ्या आईचं एवढं एकच होतं. तू शिंप्याची मुलगी असून पाठ उलटी करून बघितली नाहीस? अक्षरं वाचली नाहीस?"

"डाग वाटले."

"डाग!" लोटेबाईनं डोळे मिटले. मग विचारलं, "मुतली का ती? तुझी नात, ह्याच्यावर?"

वैदेहीला खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "रोज. आणि रोज धुवायची सून."

"हं." म्हातारीनं झगा उचलून टेबलाकडे बोट केलं. "ठेव तिथे. आता जा."

बस, एवढंच. क्षमा केली म्हणाली नाही, नाही केली असंही नाही. वैदेही त्या रात्री झोपली की नाही ते कुमाररावांनाही सांगता यायचं नाही, कारण ते घोरत होते.

रविवारी दोघं हॉलमध्ये सर्वांत मागच्या रांगेत बसली. वैदेहीनं दाराजवळची खुर्ची घेतली, पटकन निघता यावं म्हणून. सिनेमा सुरू झाला. पडकं शहर, आणि त्या पडक्या शहरात सगळे धडपडत, हसत, कोळशाच्या एका गोणीसाठी लग्न ठरवत होते. नवरी आली. वैदेही फक्त झगा बघत होती. पोरगी भिंतीला टेकून बसायची, दारातून जाताना कडेनं सरकायची. मग चर्चमधून ती उलट्या पावलांनी निघाली. टोपीवाला गृहस्थ आजीबाईवर पडला, आजीबाई बँडवाल्यावर, पोस्टमन तिला सावरायला धावला आणि त्याच्या थैलीतली पत्रं वाऱ्यावर उडाली. हॉल खोखो हसला.

दिवे लागले. लोटेबाई वॉकर धरून स्टेजवर गेली. हाना पुढून चालत आली. टाळ्या झाल्या. म्हातारीनं बटाटे सांगितले, पॅराशूट सांगितली, टाचण्या सांगितल्या. मग थांबली आणि म्हणाली, "वळ."

हाना वळली. दिव्याच्या झोतात पोतं उजळलं आणि आतली फिकट निळी अक्षरं बाहेर उमटली. हॉलमध्ये एक हसू उठलं, मग लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती.

लोटेबाईनं हात वर केला. "अजून एक. ह्या ओळी दिसतात तुम्हाला? ही भोकं?" वैदेहीनं पदर सावरला. पाय आपोआप दाराकडे वळले. "ही माझ्या आईची नाहीत. ही मिसेस खटावकरची. मागे बसल्यात त्या, पळायच्या बेतात आहेत. एक महिना हे पोतं एका बाळाखाली होतं. का आणि कसं ते मला विचारू नका, मी अजून रागात आहे. पण मैदा इथून आला, पोतं इथून आलं, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं. माझी आई असती तर तिनं आधी त्यांच्या टाक्यांतलं अंतर मोजलं असतं." ती जरा थांबली. "मी मोजलं. सरळ आहेत."

सगळी डोकी मागे वळली. वैदेहीनं पदर तोंडाला लावला. कुमारराव मात्र अर्धवट उठून लोकांना हात जोडत होते, जणू टाके त्यांनीच घातले.

सोमवारी सकाळी दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली होती. वर गाठ. आत एक जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला सुती एप्रन आणि हानाच्या अक्षरातली चिठ्ठी. आजी म्हणते, गोधडीत एक थर कमी पडला असेल.

वैदेहीनं एप्रन टेबलावर पसरला. पुढून बघितला. उलटा करून बघितला. उजेडाला धरला, खिसा बाहेर काढून बघितला. कात्री उचलली, खाली ठेवली. मग फोन लावला.

"काय गं?" लोटेबाई म्हणाली.

"हा एप्रन... हा कुठल्या सिनेमातला नाही ना?"

"नाही."

"तुमच्या आईचा?"

"माझा. स्वयंपाकाचा."

"ह्याच्यावर काही लिहिलेलं, छापलेलं? आणि उजवीकडे हा एक डाग आहे."

"सूप," म्हातारी म्हणाली. "एकोणीसशे शहात्तरचं. आता शिवायला बस, ते पोर तिकडे जागं असेल."

खरंच जागं होतं. चँडलरहून इशिताचा निरोप सकाळपासून तीनदा येऊन गेला होता. शर्टावर झोपत नाही, टॉवेलवर झोपत नाही, आई कधी पाठवताय? वैदेहीनं सुईत दोरा ओवला. एप्रन अखंडच ठेवला, कोपरेसुद्धा कापले नाहीत, नुसते दुमडले.